रकाना क्रमांक नऊ

सरकारी कचेरीत आईबापांनी ठेवलेलं नाव फार दिवस टिकत नाही. वैद्यकीय साहाय्य विभागातल्या तपासनीसांचं नाव असंच केव्हातरी गळून पडलं आणि सगळे त्यांना त्रुटीसाहेब म्हणू लागले. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम इमानेइतबारे केलं होतं. आजारी माणसांचे मदतीसाठी आलेले अर्ज वरपासून खालपर्यंत वाचायचे, त्यातली त्रुटी हुडकून काढायची, आणि 'पूर्तता करून फेरसादर करावा' असा शेरा मारून अर्ज आला त्या वाटेनं परत पाठवायचा. त्रुटी नसलेला अर्ज त्यांनी पाहिला नव्हता असं नाही. पण तसा अर्ज आला की त्यांना दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

रकाना रिकामा सोडणं हे तर त्यांच्या लेखी पापच. लिहायला काही नसेल तर तिथं 'निरंक' लिहावं, हा त्यांचा धर्म. रिकाम्या रकान्यातून काही कळत नाही. निरंक लिहिलं म्हणजे माणसानं नीट पाहिलं, शोधलं, आणि काही सापडलं नाही, एवढं सगळं कळतं. घरी दूध घेतलं नाही त्या दिवशी दूधवाल्याच्या कार्डावर ते 'निरंक' लिहीत. मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'पालकांचा अभिप्राय' या जागी त्यांनी 'निरंक' लिहिलं, तेव्हा बाईंनी त्यांच्या बायकोला शाळेत बोलावून घेतलं होतं. आणि लग्न ठरताना बायकोनं चिठ्ठीतून विचारलं होतं, की आपल्या माझ्याकडून काय अपेक्षा आहेत? त्याचं उत्तरही एका शब्दात आलं होतं. किती साधा माणूस, असं वाटून ती बिचारी फसली, ती फसलीच.

अशा माणसाचा हात एके दिवशी चालेनासा झाला.

म्हणजे हाताला काही झालं नव्हतं. त्या हातानं ते जेवत, दाढी करत, बसमध्ये दांडी धरत. फक्त अर्ज समोर आला, त्रुटी सापडली, आणि शेरा मारायला पेन टेकवलं की हात तिथंच थांबायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग ते ती फाईल हळूच डावीकडे सरकवायचे. अशा डावीकडच्या फायली वाढत वाढत एकशे त्रेचाळीस झाल्या, आणि पलीकडच्या टेबलावरच्या टंकलेखिकेला त्यांचं तोंड दिसेनासं झालं. त्या फायलींमधली माणसं आजारी होती आणि वाट बघत होती, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. म्हणून तर हात आणखीच थांबायचा.

कारण काय, ते त्यांना माहीत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच. त्यांचा थोरला भाऊ, दादा, त्यांच्या राहत्या इमारतीतच पहिल्या मजल्यावर राहायचा. त्याचं चष्म्यांचं छोटंसं दुकान होतं. त्रुटीसाहेब ज्या चष्म्यातून जगाच्या चुका काढत, तो दादानंच बनवलेला. दादाच्या हृदयाची झडप बिघडली, शस्त्रक्रिया ठरली, त्यानं मदतीचा अर्ज केला, आणि तो रीतीप्रमाणे धाकट्या भावाच्या टेबलावर आला. रकाना क्रमांक नऊ रिकामा होता. आता दुसरा कुणी असता तर जिना उतरून खाली गेला असता आणि म्हणाला असता, दादा, एवढं भर. पण त्रुटीसाहेबांना वाटलं, सख्खा भाऊ म्हणून सूट दिली असं उद्या कुणी म्हणायला नको. त्यांनी शेरा मारला आणि अर्ज टपालानं परत पाठवला. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला, टपालानं. वर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना छाती फुगवून सांगितलंसुद्धा, "सख्ख्या भावाचाही परत पाठवला!" सगळे हसले होते. त्यांना तेव्हा बरं वाटलं होतं.

अर्ज जाऊन भरून परत येण्यात अठरा दिवस गेले. मंजुरी निघाली त्याच्या आदल्या दिवशी दादा गेला. 'अर्जदार मयत, प्रकरण बंद' हे फाईलवर लिहिलं तेही त्रुटीसाहेबांनीच. त्यानंतर हात थांबला. याला अकरा महिने झाले होते.

विभागप्रमुख माणूस वाईट नव्हता. त्यानं फायलींच्या डोंगराला वळसा घालून खुर्ची ओढली आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, सरकारची योजना आहे. समुपदेशन. मनावरचं ओझं कुणाजवळ तरी बोलायचं. कमीपणा नाही हो त्यात."

त्रुटीसाहेबांना तो कमीपणाच वाटला. सत्तावीस वर्षं खिडकीच्या आत बसलेल्या माणसानं खिडकीच्या बाहेर उभं राहायचं? पण बायकोनं परस्पर एका खाजगी समुपदेशकाकडे चौकशी केली, तेव्हा त्याच्या एका तासाचा आकडा ऐकून ती फोन हातात धरून तशीच बसून राहिली. "एवढ्यात आपलं महिन्याचं वाणसामान येतं," ती म्हणाली. "एवढ्या पैशात तो तुमच्याऐवजी रडूनही देत असेल. तुम्ही आपले सरकारी खिडकीवरच जा."

अर्जाला डॉक्टरची चिठ्ठी लागत होती. चिठ्ठी घेताना दवाखान्यात समोरच्या ब्लॉकमधले ड्रिल मास्तर खोकल्याचं औषध न्यायला आले होते, आणि तिथून सगळं बिनसलं. ड्रिल मास्तर म्हणजे चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर मुलांना पळवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर पळवायला मुलं उरली नाहीत, म्हणून ते इमारतीतल्या माणसांच्या मागे लागत. शिट्टी अजून गळ्यात असायची. संध्याकाळपर्यंत आख्ख्या इमारतीला कळलं, की त्रुटीसाहेबांच्या डोक्याचं काहीतरी आहे.

मग सल्ल्यांना काय तोटा! जो आजार कुणालाच कळत नाही, त्यावर औषध सगळ्यांना माहीत असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या विमेवाल्या काकू दारातूनच म्हणाल्या, "कागदावर काही येऊ देऊ नका बरं का! एकदा कागदावर आलं की पुढचा विमा विसरा." तळमजल्यावरच्या शिंप्यानं पाठीचं माप घेतल्यासारखं बघत सांगितलं, की खांदे पडलेत, कोट थोडा घट्ट शिवला तर माणूस आपोआप ताठ राहतो. ड्रिल मास्तरांचं निदान सर्वांत सोपं होतं. "मन बिन काही नसतं हो. मैदानाला चार फेऱ्या मारा. मी मारतो ना! बघा माझ्याकडे, आहे का मला काही?"

त्रुटीसाहेबांनी बघितलं. काही दिसलं नाही, कारण चष्मा नाकावरून घसरला होता. चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू ढिला झाल्याला कैक महिने झाले होते. दुसऱ्या कुठल्या दुकानात तो घट्ट करून घ्यावा असं त्यांच्या मनानं घेतलं नव्हतं. काडीला दोरा गुंडाळून ते दिवस काढत होते.

योजनेच्या कार्यालयात ड्रिल मास्तर सोबतीला आलेच. नको म्हणून ऐकणाऱ्यातले ते नव्हते. खिडकी क्रमांक चारवर एक तरुण बाई बसली होती. तिनं राहण्याचा दाखला पाहिला, उत्पन्नाचा पाहिला, डॉक्टरची चिठ्ठी उजेडात धरून पाहिली, आणि म्हणाली, "चिठ्ठीवर तारीख आहे, वेळ नाही."

"वेळ लागते?" त्रुटीसाहेबांनी विचारलं.

"लागते."

दुसरा कुणी चिडला असता. त्रुटीसाहेबांना मात्र त्या मुलीबद्दल एकदम आदर वाटला. ही पुढे जाणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि मुकाट्यानं दवाखान्यात जाऊन वेळ घालून आणली. परत आले तेव्हा रांग नव्यानं लागली होती. ड्रिल मास्तर बाकावर बसून कंटाळले होते आणि कंटाळा घालवायला तिथलीच एक प्रश्नपत्रिका नाव-पत्त्यासकट भरून खिडकीत सरकवून आले होते.

त्या पत्रिकेत बारा प्रश्न होते, आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. शून्य म्हणजे मुळीच नाही, एक म्हणजे कधी कधी, दोन म्हणजे बरेचदा, तीन म्हणजे रोज. त्रुटीसाहेबांनी पहिला प्रश्न वाचला. 'कामात मन लागत नाही, असे होते का?' ते दचकलेच. सरकारी नोकरानं सरकारी कागदावर, स्वतःच्या सहीनिशी लिहून द्यायचं, की माझं कामात मन लागत नाही? ज्या माणसानं सत्तावीस वर्षांत स्वतःविरुद्ध एक ओळ कधी लेखी दिली नाही, त्याच्याकडून हे होणं शक्य नव्हतं. दुसरा प्रश्न होता, 'आपल्या हातून काही अक्षम्य घडले आहे, असे वाटते का?' पेन तिथं टेकलं आणि हात थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "आटपा हो." पण रकाना रिकामा ठेवून तर चालणार नव्हतं. आणि मग सवयीनं, आपला आपण, तो हात चालू लागला. अकरा महिन्यांत प्रथमच. सुवाच्य, वळणदार अक्षरात, बाराच्या बारा चौकोनांत, त्यानं लिहिलं: निरंक.

खिडकीतल्या बाईनं तो कागद पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. एका चांगल्या तपासनिसानं दुसऱ्याला दिलेली ती दाद असावी.

दहा दिवसांनी दोन पत्रं आली. त्रुटीसाहेबांच्या पत्रात लिहिलं होतं, की आपली एकूण गुणसंख्या छत्तीसपैकी शून्य असून आपले मानसिक स्वास्थ्य उत्तम असल्याने आपण योजनेस अपात्र ठरला आहात, अभिनंदन. दुसरं पत्र ड्रिल मास्तरांना. त्यांना छत्तीसपैकी एकोणतीस गुण पडले होते आणि येत्या गुरुवारपासून तातडीनं समुपदेशनाला यायला सांगितलं होतं.

"मला?" ड्रिल मास्तर पत्र फडकावत जिन्यात ओरडले. "मला काय धाड भरलीय?" मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मला काय माहीत हो. मला वाटलं, कोण वाचतंय! म्हणून मी आपलं खरं लिहिलं."

ड्रिल मास्तरांच्या घरी सहा वर्षांत त्यांच्याशिवाय कुणाचा आवाज कुणी ऐकला नव्हता, हे त्रुटीसाहेबांना त्या क्षणी आठवलं. पहाटे मैदानात शिट्टी वाजायची, ती कुणासाठी वाजते असा प्रश्न इमारतीत कधी कुणाला पडला नव्हता.

पण खरी आफत त्रुटीसाहेबांच्या पत्राच्या तळाशी होती. 'प्रत: विभागप्रमुख, माहितीसाठी.' दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखानं बोलावलं. या वेळी खुर्ची त्यानं ओढली नाही. "आता सरकारच म्हणतंय तुम्ही ठणठणीत आहात. मग या एकशे त्रेचाळीस फायलींचं मी वर काय सांगू? आजारी असतात तर मला काही लिहिता आलं असतं." आणि त्यानं नाइलाजानं नोटीस हातात दिली. तीस दिवसांत खुलासा करावा, अन्यथा चौकशी. शहाणं असल्याबद्दल नोटीस मिळालेला त्या कचेरीतला तो पहिलाच माणूस. आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

घरी बायकोनं आधी पत्र वाचलं, मग नोटीस. ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. ती खाली बसली.

"निरंक?" ती म्हणाली. "अहो, जेवताना घास हातात धरून बसता. मी तीनदा हाक मारते तेव्हा एकदा ऐकू येतं. मुलगी फोन करते तर मला खूण करता, झोपलोय म्हणून सांग. आणि निरंक? मी काय आंधळी आहे का हो?" मग बराच वेळ ती रडली. त्रुटीसाहेब तिच्याजवळ उभे राहिले. खांद्यावर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं, आणि हात नेमका तिथंही थांबला.

निकालाविरुद्ध फेरविचाराचा अर्ज करता येत होता. खिडकी क्रमांक चारवरच्या बाईनं नमुना दिला. प्रश्नपत्रिका पुन्हा भरायची, पण या वेळी अर्जदारानं नाही. अर्जदाराच्या घराबाहेर राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकानं, अर्जदाराला समोर बसवून भरायची आणि खाली सही करायची.

"बायको चालणार नाही?"

"घराबाहेर राहणारा."

"मुलगी परगावी असते. ती सुट्टीत येईल, तोवर—"

"समोर बसवून," ती म्हणाली. "शेजारी चालत नाहीत. रक्ताचं किंवा लग्नानं जोडलेलं नातं हवं. आहे ना कुणी जवळपास?"

जवळपास एकच माणूस होतं. सोळा पायऱ्या खाली. दादाची बायको.

वहिनींना त्यांनी अकरा महिने टाळलं होतं. एकच जिना असलेल्या इमारतीत हे सोपं काम नव्हे. त्या सकाळी सव्वासातला खाली जातात म्हणून हे पावणेसातला निघत. संध्याकाळी पहिल्या मजल्यावर पोचले की चपला हातात घेत, आणि खाली मान घालून दारावरून असे सटकत की चोरानंही धडा घ्यावा. बायको मात्र वहिनींकडे रोज जायची. घरी येऊन ती सांगायची, "त्यांनी तुमची चौकशी केली." यांना वाटायचं, ती ओळ तिनं मनानं घातली असेल.

फेरविचाराचा कागद चार दिवस कपाटात पडून राहिला. पाचव्या दिवशी बायकोनं तो काढून त्यांच्या हातात ठेवला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. जा."

दार वहिनींनीच उघडलं. "या भावजी," त्या म्हणाल्या. जणू काल येऊन गेले होते.

खोलीत दादाच्या दुकानातला काचेचा खण भिंतीशी आणून ठेवला होता. त्यात विकल्या न गेलेल्या चौकटी ओळीनं मांडलेल्या होत्या. त्रुटीसाहेब खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी कागद पुढे केला. वहिनींनी वरची ओळ वाचली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरा एक अर्ज होता. घडीवर झिजलेला. त्रुटीसाहेबांनी स्वतःचं अक्षर लांबूनच ओळखलं. 'रकाना क्र. ९ रिक्त. पूर्तता करून फेरसादर करावा.'

"तुमचा शेरा बघून हे म्हणाले, हा कागद खराब नको करायला, नवीन भरू. म्हणून हा घरीच राहिला," वहिनी म्हणाल्या. "नऊ नंबरला काय होतं, आठवतं?"

त्यांना आठवत होतं. रोज आठवत होतं. "जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि सही."

"मी म्हटलं, माझं नाव लिहा. तर म्हणाले, तू कशाला? तिथं धाकटा आहे. अर्ज त्याच्याच टेबलावर जाणार, त्याचं नाव तो लिहील, सहीही तोच करेल. मुद्दाम मोकळा ठेवतो. म्हणाले, त्याचं अक्षर छान आहे."

सत्तावीस वर्षांत त्रुटीसाहेबांनी हजारो रिकामे रकाने पाहिले होते. एखादा रकाना आपल्यासाठी रिकामा ठेवलेला असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"अर्ज परत आला तेव्हा हसले," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, बघ, माझीसुद्धा गय केली नाही पठ्ठ्यानं. मी नाही हसले."

"वहिनी, ते अठरा दिवस—"

"अठरा दिवसांत काय झालं असतं, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही विचारलं, त्यांनाही माहीत नाही. वाचले असते, नसते. एक दिवस हे खरं वाटतं, एक दिवस ते. तुमच्यावर राग आहे माझा. नाही असं सांगितलं तर खोटं होईल." त्यांनी हातातला अर्ज घडी करून ठेवला. "पण त्या रागाला अकरा महिन्यांत एकदासुद्धा समोर माणूस मिळाला नाही. हे गेले, आणि तुम्ही पण गेलात. चपला हातात घेऊन. मला काय ऐकू येत नाही होय?"

बोलता बोलता वहिनींनी हात पुढे करून त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. खणातून बारीक पेचकस काढला, काडीचा दोरा सोडला आणि स्क्रू पिळायला लागल्या. त्रुटीसाहेबांना समोरचं सगळं धूसर दिसत होतं. चष्मा नव्हता, हे त्याचं एक कारण.

मग वहिनींनी प्रश्नपत्रिका घेतली. "कामात मन लागत नाही, असं होतं?"

"नि—"

"भावजी."

"रोज," ते म्हणाले.

त्यांनी तीन लिहिलं. "हातून काही अक्षम्य घडलंय, असं वाटतं?"

"रोज."

त्या वाचत गेल्या, हे सांगत गेले. भूक, झोप, माणसं नकोशी होणं. शेवटचा प्रश्न वाचायच्या आधी वहिनी थबकल्या. 'आपण नसतो तर बरे झाले असते, असे वाटते का?'

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा खटाटोप करत होतं. ती एकदाची सुरू झाली.

"कधी कधी," त्रुटीसाहेब म्हणाले.

वहिनींनी एक लिहिलं. पेन खाली ठेवलं. उठून दारात गेल्या आणि जिन्यातून वर हाक मारून जावेला बोलावून घेतलं. "हे तुलाही माहीत हवं," एवढंच त्या तिला म्हणाल्या. मग तिघं बराच वेळ बसली. कुणी कुणाला धीराचे शब्द सांगितले नाहीत. शेवटी वहिनींनी खाली सही केली, आणि नात्याच्या जागी लिहिलं: दिराची थोरली भावजय.

"दिराची भावजय काय?" बायको डोळे पुसत म्हणाली. "नुसतं भावजय लिहायचं."

"राहू दे," त्रुटीसाहेब म्हणाले. "त्यांनी जे लिहिलंय ते राहू दे."

खिडकी क्रमांक चारवरच्या बाईनं बेरीज केली. छत्तीसपैकी एकतीस. शेवटच्या चौकोनापाशी तिचं बोट थांबलं. तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच त्यांच्या कागदांऐवजी त्यांच्याकडे पाहिलं. आत जाऊन ती कुणाशी तरी बोलून आली. एका कार्डावर तारीख लिहून दिली आणि मागच्या बाजूला एक फोन नंबर. "फार वाटलं तर यावर फोन करा. कधीही. खरंच करा." विभागप्रमुखासाठीही तिनं एक पत्र दिलं. नोटीस मागे घ्यावी आणि फायली दुसऱ्या तपासनिसाकडे द्याव्यात, हे त्या पत्रावरून ठरलं. टंकलेखिकेला त्यांचं तोंड पुन्हा दिसू लागलं. पण डाव्या बाजूची ती रिकामी जागा पाहून त्यांना सुटल्यासारखं वाटलं, तेवढंच हरल्यासारखंही.

"कधीची तारीख मिळाली?" वहिनींनी दारातूनच विचारलं. चपला आज पायात होत्या, त्यामुळे पावलं वाजली होती.

"त्यातल्या त्यात लवकरची दिली म्हणाली." त्रुटीसाहेबांनी कार्ड पुढे केलं. तोंडानं सांगणं त्यांना जमलं नाही.

वहिनींनी बोटांवर दिवस मोजले, आणि शेवटच्या बोटावर त्यांचा चेहरा उतरला. अठरा.

"फार असतात अठरा दिवस," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे. मग असं करा. तोवर रोज संध्याकाळी इथं येत जा. मला जे बोलायचं ते मी बोलेन, तुम्ही ऐका. तुम्हांला बोलावंसं वाटलं तर बोला."

पहिल्या संध्याकाळी त्या खूप बोलल्या. दुसऱ्या संध्याकाळी त्याहून जास्त. इतकं की वरून बायको काळजीनं खाली येऊन गेली. पाचव्या दिवशी त्या थकल्या आणि नुसत्याच बसल्या. आठव्या दिवशी त्रुटीसाहेब जेवणाच्या सुट्टीतल्या त्या हशाबद्दल बोलले, आणि बोलून झाल्यावर लहान मुलासारखे रडले. वहिनींनी त्यांना गप्प केलं नाही. त्यांचा राग गेला नव्हता. तसं त्यांनी निघताना सांगितलंही. आणि मग म्हणाल्या, "उद्या जरा लवकर या."

अठराव्या दिवशी ड्रिल मास्तर बाकावर आधीच बसले होते. तो त्यांचा गुरुवार होता. शिट्टी आज गळ्यात नव्हती, खिशात होती. "चांगली आहे हो आतली समुपदेशनाची बाई," ते कानात म्हणाले. "पळा म्हणत नाही." त्रुटीसाहेबांना आत सोडण्याआधी एक छोटा नमुना भरायचा होता. नाव, वय, पत्ता. शेवटचा रकाना: 'दरम्यानच्या काळात घेतलेले उपचार.'

हात सवयीनं पुढे झाला. 'निर' एवढं लिहून झालं आणि तो थांबला. मग त्रुटीसाहेबांनी ते खोडलं. उभ्या आयुष्यात सरकारी कागदावर केलेली त्यांची ती पहिली खाडाखोड. शेजारी त्यांनी लिहिलं: 'वहिनी. रोज संध्याकाळी.'

खिडकीतल्या बाईनं वाचलं. "इथं औषधाचं नाव हवं होतं."

"तेच लिहिलंय," ते म्हणाले.

कागद त्यांच्याकडे परत सरकवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "खाडाखोड आहे, साहेब. बाजूला सही लागेल."

"हो, लागते," त्रुटीसाहेब म्हणाले. त्यांनी पेन टेकवलं, आणि सही केली.